बोट जुनी होते. अभिजात कधी होते?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि तोवर समीक्षकांच्या लेखांत व गवयांच्या मैफलींत वावरणारा ‘अभिजात’ हा शब्द घराघरांत बोलला जाऊ लागला. त्या सगळ्या चर्चेत एक गोष्ट सामान्य माणसालाही कळली, की नुसते जुने असून भागत नाही. जुनेपण हवेच, पण त्याबरोबर स्वतःची काही कमाई हवी, पुरावे हवेत आणि ते पुरावे कागदावर मांडणारी माणसेही हवीत. एरवी हा शब्द, विशेषतः त्याचा इंग्रजी भाऊ ‘क्लासिक’, आपण फार सैल हाताने वापरतो. नारायणपेठी लुगडे क्लासिक, राजदूत मोटारसायकल क्लासिक आणि उन्हाळ्यात गाडीवर मिळणारी कुल्फीसुद्धा क्लासिक! शब्दाला पैसे पडत नाहीत, त्यामुळे तो उधळताना कुणाचे काही जात नाही.

म्हणून आज हा शब्द अशा एका वस्तूवर घासून पाहावा असे वाटते, जिच्यावर तो उधळणे परवडत नाही. ती वस्तू म्हणजे पन्नास-साठ वर्षांपूर्वीची मोटारबोट. मराठी मध्यमवर्गीय घराचा आणि हौसेच्या मोटारबोटीचा संबंध सिनेमातल्या एखाद्या गाण्यापुरता, हे मान्य आहे. तरीही उदाहरण बोटीचेच घ्यायचे, कारण जुने पुस्तक कपाटात पडून राहते, जुने गाणे तबकडीत पडून राहते. त्यांना सांभाळायला फारसा खर्च येत नाही. जुनी बोट मात्र रोज खायला मागते. तिला जागा लागते, वेळोवेळी व्हर्निश लागते, बाजारातून नाहीसे झालेले इंजिनाचे सुटे भाग लागतात आणि मुख्य म्हणजे कसबी हात लागतात. सगळ्या जुन्या बोटी वाचवणे जगात कुणालाही शक्य नाही. थोड्या ठेवायच्या तर पुष्कळ मोडाव्या लागणार. मग ठेवायच्या त्या कोणत्या? हा प्रश्न समोर आला, की ‘क्लासिक’ हा शब्द कौतुकाचा उरत नाही; तो निवाड्याचा होतो.

वयाचा दाखला

या बाबतीत सर्वांत सोपे उत्तर वयाचे. अमेरिकेत ‘अँटिक अँड क्लासिक बोट सोसायटी’ नावाची हौशी मंडळींची मोठी संस्था आहे. १९७५ साली न्यू यॉर्क राज्यातल्या लेक जॉर्ज या सरोवराच्या परिसरात ती सुरू झाली. तिने बोटींची वर्गवारी केली आहे. १९१८ पर्यंत बांधलेली बोट ‘ऐतिहासिक’, १९१९ ते १९४२ मधली ‘अँटिक’ आणि १९४३ ते १९७५ मधली ‘क्लासिक’. या तारखा उगाच ठरवलेल्या नाहीत. १९१८ हे पहिले महायुद्ध संपल्याचे वर्ष. १९४२ साली अमेरिकेतले बोटींचे कारखाने विहाराच्या बोटी थांबवून सैन्याच्या कामाला लागले, म्हणून तिथे एक रेघ आपोआप ओढली गेली. आणि १९७५ हे संस्थेच्याच जन्माचे वर्ष.

प्रदर्शनात बोटी रांगेने लावायच्या, बक्षिसे द्यायची, तर अशी वर्गवारी हवीच. पण तिच्याने आपला प्रश्न सुटत नाही. १९५८ साली बांधलेली बेढब, पाणी आत घेणारी, कुणालाही नकोशी असलेली बोटही या हिशेबाने क्लासिकच्या वर्गात बसते. शाळेत एकाच वर्गात बसलेली सगळी मुले सारख्या योग्यतेची नसतात, तसेच हे. वयाचा दाखला प्रवेशापुरता. पुढची परीक्षा वेगळी.

दुसरे सोपे उत्तर किमतीचे. ते जास्त फसवे आहे. माझे आयुष्य बँकेत गेले, त्यामुळे वस्तूच्या किमतीचा आलेख कसा उतरतो हे बरेच जवळून पाहिले. यंत्र, वाहन, बोट, काहीही घ्या. ते दुकानातून बाहेर पडले की घसारा सुरू. वर्षागणिक पुस्तकी किंमत उतरत जाते आणि एका टप्प्याला ती नाममात्र एक रुपया उरते. हिशेबाच्या वह्या तिथे थांबतात. गंमत अशी, की अभिजातपणाची गोष्ट तिथूनच सुरू होते. बहुतेक वस्तू त्या एका रुपयाच्या खड्ड्यात पडून कुजतात, भंगारात जातात. काही मोजक्या मात्र खड्ड्यातून पुन्हा वर येतात आणि मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने विकल्या जातात. लिलावातला तो भाव पाहून आपण म्हणतो, ‘बघा, क्लासिक आहे!’ पण भाव हा फार उशिरा येणारा साक्षीदार आहे. खरा प्रश्न असा, की बोटीला कवडीची किंमत नव्हती त्या वीस-पंचवीस वर्षांत तिला कुणी सांभाळले आणि का सांभाळले? ज्या मॉडेलबद्दल या ‘का’चे उत्तर देता येते, ते अभिजात होण्याची शक्यता. हे काही बोटींच्या उदाहरणांवरूनच पाहू.

सुताराचे किंमतपत्रक

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात सेंट क्लेअर नदीकाठी अल्गोनॅक नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या एका सुताराचे नाव क्रिस्तोफर कोलंबस स्मिथ. नावातच दर्यावर्दी! १८७४ साली वयाच्या तेराव्या वर्षी त्याने पहिली होडी बांधली, असे त्याच्या कंपनीच्या इतिहासात सांगितले जाते. पुढे त्याने शर्यतीच्या वेगवान बोटी बांधल्या, नाव कमावले आणि १९२०च्या दशकात मुलांना हाताशी धरून एक वेगळाच उद्योग मांडला. तोवर मोटारबोट म्हणजे श्रीमंताने कारागिराला बोलावून, मापे देऊन, बांधून घ्यायची चीज. स्मिथ मंडळींनी ठरावीक मापाच्या, ठरावीक आराखड्याच्या बोटी एकामागून एक बांधायला घेतल्या. छापील किंमतपत्रक, गावोगाव विक्रेते आणि हप्त्याने पैसे भरायची सोय. याच त्या क्रिस-क्राफ्ट बोटी. मोहगनी लाकडाची तांबूस, चकचकीत अंगे, त्यांवर पांढऱ्या रेघा ओढलेले वरचे फळकूट आणि पुढे लांबलचक नाक. १९३९ ते १९४२ या काळातल्या त्यांच्या एका मॉडेलचा मागचा भाग पिंपासारखा गोल वळवलेला होता. ‘बॅरल बॅक’ म्हणून तो आजही ओळखला जातो.

युद्धात या कंपनीने सैनिक किनाऱ्यावर उतरवणाऱ्या हजारो नावा बांधल्या. युद्धानंतर मध्यमवर्गाच्या हाती पैसा आला, तेव्हा तिने सुट्या भागांचे खोके घरपोच पाठवून ‘तुमची बोट तुम्हीच जोडा’ असाही व्यापार केला. म्हणजे ही काही राजेरजवाड्यांची बोट नव्हती. सरोवराकाठी सुटी घालवणाऱ्या कुटुंबांची ती बोट होती. आजोबांनी घेतली, बापाने चालवली, नातवाने धडकवली, अशी.

मग फायबरग्लास आले. ते कुजत नाही, त्याला व्हर्निश लागत नाही, साच्यातून भराभर निघते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला क्रिस-क्राफ्टनेही लाकडाला निरोप दिला. लाकडी बोट ही आता डोकेदुखी ठरली आणि कितीतरी बोटी बोटघरांच्या मागे गवतात कुजून गेल्या. हाच तो एक रुपयाचा काळ. त्या काळात ज्यांनी त्या ठेवल्या, त्यांनी गुंतवणूक म्हणून ठेवल्या नाहीत. बोट चालू होती, मुलांना आवडत होती, दुरुस्त करणारा म्हातारा सुतार शेजारच्या गावात होता, म्हणून ठेवल्या. १९८१ साली ‘ऑन गोल्डन पाँड’ हा चित्रपट आला. हेन्री फोंडाने रंगवलेला चिडका म्हातारा, एक परका मुलगा आणि त्या दोघांना जवळ आणणारी जुनी क्रिस-क्राफ्ट. हा चित्रपट पाहून अनेकांना गवतातल्या आपल्या बोटीची आठवण झाली, असे त्या क्षेत्रातले लोक सांगतात. चित्रपटाने बोटीला अभिजात केले नाही, ती होतीच. चित्रपटाने लोकांना मागे वळून पाहायला लावले, इतकेच.

सार्निकोचा पणतू

आता इटली. उत्तरेला इझेओ नावाच्या सरोवरावर सार्निको हे गाव आहे. १८४२ साली पिएत्रो रिव्हा नावाचा तरुण कारागीर कोमो सरोवराकडून इथे आला. वादळात मोडलेल्या कोळ्यांच्या होड्या दुरुस्त करणे हे त्याचे पहिले काम. त्याचा पणतू कार्लो रिव्हा. १९२२ साली जन्मलेल्या या गृहस्थाने दुसऱ्या महायुद्धानंतर घरचा कारखाना हाती घेतला. घरची प्रतिष्ठा शर्यतीच्या बोटींची होती. कार्लोने मात्र अमेरिकेकडे पाहिले. तो अटलांटिक ओलांडून गेला, क्रिस-क्राफ्टच्या मंडळींना भेटला, त्यांची इंजिने आपल्या बोटींत बसवण्याचा करार केला. ठरावीक मॉडेले, ठरावीक मापे ही शिस्तही त्याने त्यांच्याकडून घेतली. लाकडाची निवड, जोडकामाची सफाई आणि डौल हे सगळे मात्र सार्निकोचे.

१९६२ साली त्याने ‘अक्वारामा’ हे मॉडेल बाहेर काढले. रुंद पडद्याच्या ‘सिनेरामा’ चित्रपटांचा तो काळ. बोटीच्या पुढच्या रुंद, वळणदार काचेवरून हे नाव सुचले. सुमारे आठ मीटर लांबी, जुळी इंजिने, मागे उन्हात पडायला गादी आणि आरशासारखे मोहगनी. भूमध्य समुद्राकाठच्या नट-नट्यांना आणि राजपुत्रांना तिची भुरळ पडली. फेरुचिओ लांबोर्गिनी यांनी १९६८ साली आपल्या अक्वारामात स्वतःच्या कारखान्याची मोटारीची दोन इंजिने बसवून घेतली. १९६९ साली कार्लोने कंपनी एका अमेरिकन उद्योगसमूहाला विकली, पण अक्वारामा १९९६ पर्यंत निघत राहिली. चौतीस वर्षांत सगळ्या मिळून साडेसातशेच्या आसपास. २०१७ साली कार्लो रिव्हा गेले.

मोटारबोटींतली क्लासिक कोणती असे विचारले तर शंभरातले नव्वद लोक आज अक्वारामाकडे बोट दाखवतील. ते चुकीचे नाही. पण कारण म्हणून नट-नट्यांची नावे घेतली जातात, ते चूक. नट-नट्या त्या काळात आणखी पुष्कळ वस्तू वापरत होत्या. त्यांची आज कुणाला आठवणही नाही. लक्षात घेण्याजोगे हे, की अक्वारामात पूर्णपणे नवे असे फार थोडे होते. बोटीचा ढंग अमेरिकन, सुरुवातीची इंजिने अमेरिकन, लाकूडकाम घराण्यातले. पण या सगळ्यांचा मेळ असा बसला, की तिथून काही काढता येईना आणि काही घालता येईना. आपल्याकडे गाण्यात असेच होते. राग जुना, बंदिश जुनी, तालही सर्वांचा; पण एखादा गवई ती चीज अशी मांडतो की पुढच्या पिढीला ती तशीच ऐकू येऊ लागते. अभिजात ठरायला अपूर्वाई लागतेच असे नाही. मिळालेले पुरते पचवून शेवटास नेणे, हीही अभिजातपणाची एक वाट आहे.

व्हर्निशविना अभिजात

दुसरी वाट अगदी उलटी आहे आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. तिथे लाकूड नाही, झळाळी नाही, दिसायलाही काही विशेष नाही.

रे हंट नावाचे अमेरिकन आराखडाकार होते. त्यांच्या आधीच्या वेगवान बोटींचे तळ मागच्या बाजूला जवळजवळ सपाट असत. शांत पाण्यावर अशी बोट सुरेख पळते. पण लाटा आल्या की ती ताटासारखी पाण्यावर आपटते, माणसांचे मणके खिळखिळे होतात आणि वेग कमी करावाच लागतो. हंट यांनी बोटीचा तळ पुढून मागपर्यंत खोल, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा ठेवला आणि त्याला लांबीच्या दिशेने उभार पट्ट्या दिल्या. अशी बोट लाट फोडून जाते, आपटत नाही. पट्ट्या पाण्याचे फवारे बाजूला फेकतात आणि बोटीला वरही उचलतात. डिक बर्ट्राम या बोटविक्रेत्याने हंट यांची अशी एक बोट पाहिली आणि आपल्यासाठी एकतीस फुटांची बांधून घेतली. तिला बायकोच्या लाडक्या नावावरून ‘मॉपी’ म्हटले. १९६० साली मायामी ते नासाऊ या शर्यतीत समुद्र खवळलेला होता. मॉपी आठ तासांत पोहोचली. दुसरी बोट दोन तासांनी आली आणि तीही हंट यांच्याच आराखड्याची. तिसरी उजाडल्यावर, दुसऱ्या दिवशी!

त्या लाकडी मॉपीवरून साचा घेऊन फायबरग्लासची ‘बर्ट्राम ३१’ निघाली आणि दोन दशकांहून अधिक काळ निघत राहिली. ती काही सर्वगुणसंपन्न नाही. इंजिन बंद करून मासे धरत बसलात तर डोलते आणि पेट्रोलही भरपूर पिते. पण आज कुठल्याही खुल्या समुद्रावर चालणारी वेगवान मोटारबोट पाहा. तटरक्षकांची असो, वैमानिकांना वाचवणारी असो की हौशी मासेमाराची, तिच्या तळाशी बहुधा हंट यांचा ‘व्ही’ कुठल्या ना कुठल्या रूपात दिसेल. या आकाराचे पेटंट हंट यांच्या पदरात पडले नाही. सगळ्यांनी तो उचलला. जगाच्या व्यवहारात हे त्यांचे नुकसान. पण अभिजातपणाची याहून मोठी पावती नाही. ओवी कुणाच्या मालकीची नाही आणि अभंगाला पेटंट नाही, म्हणूनच ते छंद प्रत्येकाच्या तोंडी राहिले.

या घरातले आणखी एक लहान भावंड म्हणजे ‘बॉस्टन व्हेलर’. १९५८ साली डिक फिशर यांनी ही तेरा फुटी बोट बाजारात आणली. तिचा आकारही हंट यांच्या सल्ल्याचा. फायबरग्लासची दोन कवचे आणि मधल्या पोकळीत घट्ट भरलेला फेस, अशी तिची रचना. त्यामुळे ती बुडतच नाही. १९६१ साली ‘लाइफ’ साप्ताहिकात त्यांची छायाचित्रे आली. फिशर साहेब बोटीत बसून राहिलेत, बोट करवतीने मधोमध कापली जात आहे आणि उरलेल्या अर्ध्या तुकड्यात बसून, इंजिन चालू करून, ते निघून जात आहेत! जाहिरात म्हणा, पण तिच्यात खोटे काही नव्हते. शाळकरी पोराच्या हाती निर्धास्तपणे द्यावी अशी ही बोट. तिला कुणी नटीने मिरवले नाही. तरी तिचे मालक ती सहजासहजी विकत नाहीत.

म्हणजे अभिजात मॉडेलची पहिली कसोटी हाती लागते. त्याने आपल्या काळातला एखादा खरा प्रश्न सोडवलेला असतो, आणि तो असा की नंतरच्यांना एकतर त्याच वाटेने जावे लागते, नाहीतर आपण का गेलो नाही हे सांगावे लागते. जुनी बोट मागे राहते. अभिजात बोट पुढच्या बोटींच्या पोटात शिरून बसते.

गोधडीचा प्रश्न

दुसरी कसोटी जपणुकीची. आणि तिथे मोठा वाद आहे. लाकडी बोटीच्या फळ्या कुजतात, त्या बदलाव्या लागतात. आधी तळ, मग एक कूस, मग दुसरी. आजीच्या गोधडीचे एकेक ठिगळ बदलत गेले, धागाही नवा आला, तर ती गोधडी आजीची उरते काय? अमेरिकन संस्थेने यावर व्यवहारी तोडगा काढला आहे. पाण्यावर दिसणाऱ्या कुशी आणि वरचा भाग यांतले निदान साठ टक्के सामान मूळचे असेल, तर ती ‘जतन केलेली’ बोट. त्याहून कमी असेल तर ‘पुनर्बांधणी केलेली’. तळ मात्र नवा घातला तरी चालतो.

तळाला दिलेली ही सूट मला शहाणपणाची वाटते. त्या काळी तळाला फळ्यांचे दोन थर आणि मध्ये कापड अशी रचना असे. हंगामाच्या सुरुवातीला बोट पाण्यात सोडली की पहिले काही तास, कधी दिवसही, ती पाणी आत घेई; मग फळ्या फुगून सांधे मिटत. आता जोडकाम करणारे लवचीक चिकट द्रव्य वापरतात, त्यामुळे फुगण्याची वाट पाहावी लागत नाही. कट्टर मंडळींना हे पाप वाटते. मी म्हणेन, बोटीत माणसे बसणार असतील तर तळ सुरक्षित हवा. नव्या फळीचे काही वाईट नाही. वाईट आहे ते नवी फळी जुनी म्हणून विकणे. काय बदलले, कधी बदलले, हे लिहिलेले असले की झाले. घर जुने आणि नळ नवे, यात कुणाला विसंगती वाटत नाही.

वाईट त्याहून वेगळ्याच गोष्टीचे वाटते. भाव चढला की बोट पाण्यातून निघते आणि कोरड्या, झगझगीत दालनात जाऊन बसते. जुन्या पद्धतीच्या लाकडी बोटीला हे मानवत नाही. लाकूड सुकते, आकसते, सांधे उघडतात. पाण्यावर चालून जी बोट साठ वर्षे टिकली, ती मखरात बसून तडकते. तिजोरीत ठेवून झिजणारी ठेव मी तरी दुसरी ऐकलेली नाही! बोटीचा अभिजातपणा तिच्या चालण्यात आहे. इंजिन सुरू होताना येणारा तो घुमणारा आवाज, नाक उचलून पाणी कापण्याची ढब, वळताना झुकणे, हे दालनात दिसत नाही. ज्या मालकाला बोटीवर पडलेला ओरखडा परवडत नाही, त्याला ती बोट परवडत नाही, असे खुशाल समजावे.

कार्डे आणि कान

तिसरी कसोटी ज्ञानाची. व्हर्जिनिया राज्यात न्यूपोर्ट न्यूज येथे ‘मॅरिनर्स म्युझियम’ नावाचे मोठे सागरी संग्रहालय आहे. क्रिस-क्राफ्टची जुनी दप्तरे तिथे ठेवली आहेत. प्रत्येक बोटीच्या क्रमांकाचे एक कार्ड. त्यावर इंजिन कोणते, रंग कोणता, बोट कधी आणि कुठल्या विक्रेत्याकडे रवाना झाली, याची नोंद. एखाद्याला कुठल्या तरी गोठ्यात सत्तर वर्षांची बोट सापडली, तर क्रमांक कळवून तो तिच्या कार्डाची प्रत मागवू शकतो. कारखान्यातल्या कुण्या कारकुनाने आपले रोजचे काम म्हणून भरलेली ही कार्डे. आपण इतिहास लिहितो आहोत असे त्याच्या स्वप्नातही आले नसेल. पण आज त्या कार्डांवाचून कितीतरी बोटी अनाथ ठरल्या असत्या.

कार्ड नसते तिथे कान असतात. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात कोकणातल्या एका बंदरगावच्या शाखेत असताना यांत्रिक नौकांची कर्जप्रकरणे माझ्याकडे असत. जुनी नौका तारण घ्यायची तर पाहणी करावी लागे. सोबत एक वयस्क तांडेल येत. मी कागद चाळत असे आणि ते हातोडीच्या दांड्याने फळ्या ठोकत नौकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात. एकदा मी त्यांना बांधणीचे साल सांगू लागलो तर म्हणाले, “सायेब, सन-साल तुमच्या कागदात र्‍हाऊ द्या. फळी ठोकली की तीच बोलते.” खणखणीत आवाज आला तर लाकूड निरोगी, भद्द आला तर आत कुजलेले. आणि शेवटी त्यांचा ठरलेला प्रश्न असे, “बांधणारा सुतार हाय ना अजून?” मला तो प्रश्न तेव्हा गप्पांचा वाटे. पण तारणाच्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा होता. दुरुस्त करणारा हयात आहे, किंवा त्याचे काम शिकलेला कुणी आहे, तोवर नौकेला उद्या आहे.

जगभर अभिजात बोटींची जी मॉडेले आज तरली आहेत, त्यांच्यामागे हे दोन आधार दिसतात. कुठेतरी कार्ड आहे आणि कुठेतरी कान आहे. सार्निकोच्या बोटी जगल्या, कारण त्यांचे आराखडे राहिले आणि त्या बोटींवर हात बसलेले कारागीर राहिले. ज्या मॉडेलमागे यांतले काहीच उरले नाही, ते कितीही देखणे असो, फार तर चित्रात राहते.

कुणाच्या बोटी उरतील?

आता मुख्य मुद्दा. निवड जर फक्त बाजारावर सोडली, तर श्रीमंतांच्या बोटी उरतील आणि बाकीच्या जातील. अक्वारामाची चिंता करण्याचे कारण नाही. कोट्यवधी रुपये मोजणारे तिच्या रांगेत उभे आहेत. चिंता आहे ती साध्या बोटींची. फायबरग्लास कुजत नाही, हा त्याचा गुण आता शाप ठरतो आहे. नको झालेल्या बोटी खाड्यांत आणि वखारींच्या मागे पडून आहेत. त्यांचे पुन्हा काही करता येणे अवघड. फ्रान्समध्ये २०१९ पासून विहाराच्या जुन्या बोटी मोडीत काढण्याची स्वतंत्र व्यवस्थाच उभी करावी लागली. हे योग्यच आहे. मोडण्याजोगे मोडलेच पाहिजे. पण त्या ढिगात एखादी बॉस्टन व्हेलर, एखादी बर्ट्राम आहे का, हे पाहणारा डोळाही तिथे हवा. नाहीतर साठच्या दशकात लाकडी बोटींचे जे झाले, तेच आता प्लॅस्टिकच्या बोटींचे होईल आणि वीस वर्षांनी हळहळायला आपण मोकळे.

हा प्रश्न केवळ अल्गोनॅकचा आणि सार्निकोचा आहे, असेही नाही. गेटवेवरून घारापुरीला आणि मांडव्याला जाणाऱ्या लाकडी लाँचा घ्या. शाळेच्या सहलीला त्यांत बसला नाही असा मुंबईकर विरळा. विहाराच्या बोटीसारखे त्यांना मॉडेलचे नाव नाही, किंमतपत्रक नाही. सुताराने आधीची एक लाँच पाहून, मापे घेऊन, थोडे बदल करून दुसरी बांधायची, अशी ही परंपरा. पण वरच्या कसोट्या लावून पाहा. प्रश्न सोडवला काय? भरतीओहोटीच्या, गर्दीच्या बंदरात स्वस्तात माणसे नेण्याचा प्रश्न त्यांनी दशकानुदशके सोडवला. चालत्या राहिल्या काय? राहिल्या. ज्ञान उरले आहे काय? इथे मात्र आपण अडखळतो. कोणती लाँच कोणत्या गावच्या सुताराने, कोणत्या साली, कशावरून माप घेऊन बांधली, हे आपल्याकडे कुणी ओळीने लिहून ठेवल्याचे सहसा दिसत नाही. उद्या त्या जाऊन सोयीच्या, सुरक्षित, नव्या बोटी येतील. त्या यायलाच हव्यात. प्रवाशांच्या जिवापेक्षा जुन्या लाकडाचे प्रेम मोठे नाही. पण जाणाऱ्यांपैकी एखादी ठेवायची झाली तर ती कोणती आणि का, याचे उत्तर आपल्याजवळ आज नाही. कारण आपल्याकडे कार्डे नाहीत आणि कान म्हातारे होत चालले आहेत.

यासाठी मोठे संग्रहालय उभे राहण्याची वाट पाहायला नको. कोकणातल्या एखाद्या महाविद्यालयाने, एखाद्या ग्रंथालयाने, सुटीत गावी जाणाऱ्या चार विद्यार्थ्यांनी एक वही घातली तरी पुरे. नौकेचे नाव, लांबी-रुंदी, लाकूड कोणते, बांधणारा कोण, तो कुणाकडे शिकला, पहिले इंजिन कोणते, नंतर कोणते. शेजारी एक छायाचित्र. घरात जुनी वस्तू असेल तिच्याबाबतही हेच करता येते. ती कुणी घेतली, कुणी दुरुस्त केली, एवढे दोन ओळींत लिहून तिच्यापाशी ठेवावे. अल्गोनॅकच्या त्या अनामिक कारकुनाने याहून वेगळे काही केले नव्हते.

मराठीला दर्जा मिळाला तेव्हाही, कुणीतरी शिलालेख, ताम्रपट आणि पोथ्या वर्षानुवर्षे वाचून, उतरवून, ओळीने लावून ठेवल्या होत्या, म्हणूनच दावा मांडता आला. अभिजातपणाचा शिक्का वरून पडतो. पण त्याची शाई खाली, कुणाच्या तरी वहीत, आधीच तयार झालेली असते. बोट जुनी करायला काळ समर्थ आहे, त्यासाठी कुणी काही करावे लागत नाही. तिला अभिजात ठरवायचे तर तिला चालती ठेवणारे, तिचा आवाज ओळखणारे आणि तिच्याबद्दल खरे तेवढेच लिहून ठेवणारे लोक लागतात. आणि ते काम भाव चढण्याच्या पुष्कळ आधी, तिला कुणी विचारत नसते तेव्हा, करावे लागते.